विद्यार्थी नाटकाचा बदलता सेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदलता सेट म्हणजे नेमका कसला? चाकं लावली की झाला का?

नाही. चाकं लावलेला सेट हा फक्त चाकं लावलेला सेट असतो. बदलता सेट म्हणजे तेच पाच-सात तुकडे पहिल्या प्रवेशात होस्टेलची खोली होतात, दुसऱ्यात पोलीस चौकी आणि तिसऱ्यात गच्ची, आणि हे सगळं होताना नाटक थांबत नाही. त्यामुळे 'दिसेल कसा' हा प्रश्न नंतरचा, आधीचा प्रश्न असा की हलवणार कोण, कुठून कुठे नेणार आणि तेवढ्या वेळात प्रेक्षक काय बघत बसणार. याचं उत्तर कागदावर नसेल तर चित्र कितीही भारी काढा, प्रयोगाच्या दिवशी अंधारात चार जण एकमेकांवर आपटणारच.

संहिता हातात आली, आता सुरुवात कुठून करू?

पेन्सिल घ्या आणि फक्त क्रियापदांना गोल करा. बसतो, लपते, दार आपटतो, वर चढून ओरडते, खिडकीतून बघतो. लेखकाने प्रवेशाच्या सुरुवातीला 'उजवीकडे पुस्तकांचं कपाट, कोपऱ्यात जुना रेडिओ, भिंतीवर कॅलेंडर' असं कितीही लिहिलेलं असो, त्या कपाटाला पूर्ण प्रवेशात कोणी हातच लावत नसेल तर तुम्हाला कपाटाची गरज नाही (लेखक ग्रुपमधलाच असेल तर हे त्याला जरा हळू सांगा).

मग एक तक्ता करा. आडव्या ओळीत प्रवेश, उभ्या रकान्यात वापरलेल्या गोष्टी. वरचंच उदाहरण घेऊ: खोलीत लागतो पलंग, दार आणि खिडकी, चौकीत लागतं टेबल, बाकडं, दार, आणि गच्चीवर लागतो कठडा आणि एक उंच जागा. आता रकाने बघा, दार दोनदा आलंय, बसायची जागा दोनदा, आणि पलंग, बाकडं, कठडा या तिन्ही खरं तर लांबट आडव्या वस्तू आहेत. म्हणजे तुम्हाला तीन सेट करायचे नाहीयेत, एक दार, एक खिडकी, एक उंची आणि काही खोकी करायचीयेत. सगळं डिझाइन या तक्त्यातून बाहेर येतं, पण मुलं हाच भाग टाळतात कारण त्यात रंगबिंग काही नसतं.

पण खोक्यावर चादर टाकली म्हणजे पलंग, हे प्रेक्षकांना पटेल का?

पटतं हो. संस्कृत नाटकात पात्र रंगमंचावर एक फेरी मारायचं की जागा बदलली, संहितेत नुसतं 'परिक्रम्य' एवढीच सूचना. शेक्सपिअरच्या काळात तर भरदिवसा, उघड्या रंगमंचावर, कुठलं रान आणि कुठला राजवाडा ते नटाच्या वाक्यावरून कळायचं. प्रेक्षक स्वतःहून अर्धं काम करायला तयार असतो, फक्त नियम एकदा ठरला की तो मोडायचा नाही. पहिल्या प्रवेशात खोका म्हणजे पलंग आणि शेजारी खरीखुरी, पॉलिश केलेली लाकडी खुर्ची ठेवलीत, तर तो खोका लगेच 'पैसे नव्हते म्हणून ठेवलेला' दिसायला लागतो. सगळंच सूचक ठेवा नाहीतर सगळंच खरं, मिसळायचं असेल तर त्यामागे काहीतरी कारण हवं, म्हणजे उदाहरणार्थ पूर्ण नाटकात फक्त फोन खरा, कारण गोष्ट त्या फोनभोवती फिरते.

प्रकार बरेच ऐकलेत, आमच्या नाटकाला कुठला घ्यावा?

सगळ्यात सोपा युनिट सेट. म्हणजे लेव्हल (चढता येईल असा चौथरा), पायऱ्या, एखादी कमान असं एक कायमचं स्ट्रक्चर मध्ये उभं, ते हलतच नाही, प्रवेश बदलला की फक्त लाइट, प्रॉपर्टी (नट हाताळतात त्या वस्तू) आणि नटांची जागा बदलते. आठ-दहा छोटे प्रवेश असलेल्या नाटकाला यासारखं दुसरं काही नाही आणि हलवायला माणसं कमी असतील तर डोळे झाकून हाच घ्या.

दुसरा म्हणजे घडीचे फ्लॅट. फ्लॅट म्हणजे लाकडी फ्रेमवर कापड किंवा प्लाय लावलेली खोटी भिंत, असे दोन फ्लॅट बिजागरीने जोडलेले, पुस्तकासारखे उघडले की आपोआप उभे राहतात. दोन्ही बाजू रंगवल्या की एका जोडीत दोन ठिकाणं झाली.

तिसरा प्रकार तीन बाजूंचे उभे फिरते खांब. हे ग्रीक-रोमन रंगभूमीपासूनचं आहे, व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने इसवी सनपूर्व पहिल्या शतकात त्याचं वर्णन केलंय, नाव पेरियाक्टोई. तिन्ही बाजूंवर वेगवेगळं चित्र, खांब फिरवला की जागा बदलली. दिसतं फार छान. पण एक गणित आधी करा: ४ फूट रुंद बाजूंचा खांब जागेवर फिरताना साडेचार फुटांपेक्षा थोडा मोठा गोल व्यापतो, म्हणजे तीन खांब एकमेकांना चिकटवून सलग भिंत केलीत आणि एकटाच फिरवायला गेलात तर त्याचे कोपरे शेजाऱ्याच्या कोपऱ्याला घासून अडकू शकतात. एकतर मध्ये फट सोडा, नाहीतर आधी मागे ओढून मग फिरवा.

चौथा, फिरता रंगमंच. जपानच्या काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारात १७५८ पासून आहे, युरोपात म्युनिकला १८९६ मध्ये आला. विद्यार्थी नाटकासाठी माझं मत सरळ आहे, नको. ज्या गोष्टीचा मधला बेअरिंग अडकला की पुढचा अख्खा अंक अडकतो ती गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा सेट करणाऱ्यांनी घेऊ नये. सहा फुटांची छोटी फिरती लेव्हल जमू शकते, पण तीही तालमीत भरपूर आधीपासून मिळणार असेल तरच.

खोकी किती आणि कुठल्या मापाची करावीत?

यावर जरा जास्त लिहितो, कारण बहुतेक जण १८ इंची चौकोनी ठोकळे करून मोकळे होतात. १८ इंच ही खुर्चीची उंची म्हणून बसायला बरोबर आहे, पण ठोकळा कसाही फिरवा, तो १८ इंचच राहतो. त्यापेक्षा १२ × १८ × २४ इंचांचं खोकं करून बघा. आडवं ठेवलं तर १२ इंच उंच, म्हणजे बुटकं आसन. कडेवर ठेवलं तर १८ इंच, म्हणजे बसायला. उभं केलं तर २४, म्हणजे स्टूल किंवा पलंगाशेजारचं टेबल. आणि १८ वाल्यावर १२ वालं ठेवलं की ३० इंच, म्हणजे बरोब्बर लिहायच्या टेबलाची उंची! १८ उंचीवर तीन खोकी एका ओळीत लावली की ६ फुटांचा पलंग, तोच चौकीतलं बाकडं, आणि गच्चीच्या प्रवेशात दोन खोकी उभी करून त्यांच्यावर फळी टाकली की कठडा.

१२ मिमी प्लाय, आतल्या कोपऱ्यांत दीड इंची पट्टी, पट्टीला फेव्हिकॉल लावून स्क्रू. एक बाजू उघडी ठेवा म्हणजे आत प्रॉपर्टी लपवता येते. दोन बाजूंना हात घालायला खाच पाडा, खाचेच्या कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर प्रत्येक तालमीत कोणाच्या ना कोणाच्या बोटात कुसळ जाणार. ८ × ४ फुटांच्या एका शीटमधून साधारण दोन खोकी निघतात आणि एकेक दहा किलोच्या आसपास जातं, म्हणजे एका माणसाला एकट्याने उचलता येतं. सहा केलीत तर बहुतेक नाटकं निघतात. दहाच्या वर गेलात तर प्रवेश बदलताना रंगमंचावर गोदामाची हमाली चाललीय असं वाटायला लागतं.

फ्लॅट कापडाचा करू की प्लायचा?

जो सतत हलणार आहे तो कापडाचा, जो आपटला जाणार आहे तो प्लायचा. ८ × ४ ची १ × ३ इंची पट्टीची फ्रेम आणि वर मांजरपाट असा फ्लॅट साधारण ९-१० किलो होतो, त्याच फ्रेमवर ४ मिमी प्लाय मारला तर १५ च्या आसपास, आणि सुताराने 'मजबूत करतो साहेब' म्हणून १२ मिमी मारला तर ३० किलोच्या घरात गेलाच म्हणून समजा, मग तो उचलायला दोन जण लागतात आणि तुमचा बदलता सेट तिथेच संपतो.

कापड ताणून फ्रेमच्या मागच्या बाजूला स्टेपल करा. सुरुवात चारही बाजूंच्या मध्यापासून, मग कोपऱ्यांकडे, म्हणजे चुण्या पडत नाहीत. नंतर पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल किंवा सरस ब्रशने मारा, वाळला की कापड ताठ बसतं. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना मागून प्लायचे त्रिकोणी तुकडे हवेतच, नुसत्या खिळ्यांवर काटकोन टिकत नाही, एकदा तिरका धरून उचलला की फ्रेम पतंग होते. मध्ये एक आडवी पट्टी आणि खालच्या एका कोपऱ्यात तिरकी पट्टी. प्लायचा फ्लॅट असेल तर मागूनही रंगाचा एक हात मारा, एकाच बाजूला रंग बसला की पातळ प्लाय वाकडा होतो.

घडीच्या फ्लॅटबद्दल दोन गोष्टी. साधी बिजागरी एकाच बाजूला वळते, दोन्ही बाजूंना वळवायचं असेल तर बिजागरीऐवजी जाड कॅनव्हासच्या पट्ट्या आलटून-पालटून लावा, घडीच्या पार्टिशनला असतात तशा. आणि तीन फ्लॅट एकात एक घडी करायचे असतील तर दोन जोडांपैकी एका जोडात १ × ३ ची उभी पट्टी मध्ये टाकून तिला दोन्हीकडून बिजागरी लावावी लागते, नाहीतर तिसऱ्या फ्लॅटला मधल्याच्या जाडीमुळे जागा उरत नाही, घडी पूर्ण बसत नाही आणि जोर केला की स्क्रू उपटतात.

फ्लॅट पडेल अशी भीती वाटते.

वाटायलाच हवी. १९१२ च्या सुमारास मॉस्को आर्ट थिएटरमध्ये गॉर्डन क्रेग या इंग्लिश डिझायनरने हॅम्लेटसाठी उंच हलते स्क्रीन डिझाइन केले होते, आणि प्रयोगाला थोडाच वेळ उरला असताना ते एकामागून एक कोसळले असं तिथल्या दिग्दर्शकाने, स्टॅनिस्लाव्स्कीने, लिहून ठेवलंय. क्रेगला ही हकीकत मान्य नव्हती, तो त्यांचा वाद. पण उंच, हलकी आणि उभी गोष्ट पडणारच असं धरून चालायचं.

एकटा सरळ फ्लॅट कधीच आपला आपण उभा राहत नाही. मागून तिरका टेकू द्या, वरचं टोक फ्लॅटच्या साधारण दोन तृतीयांश उंचीवर, खालचं टोक मागे लांब, आणि त्यावर वजन, निदान १०-१५ किलोची वाळूची पिशवी. विटा नकोत, अंधारात पायाला लागतात. फ्लॅट वारंवार हलणार असेल तर मागे बिजागरीवर काटकोनी त्रिकोणी पाय लावा, हलवताना मिटतो, ठेवताना उघडतो, मग पिशवी ठेवली की काम झालं. घडीच्या फ्लॅटला टेकू लागत नाही पण कोन साधारण ६० ते १०० अंशांच्या मध्ये हवा, दिग्दर्शकाला जास्त भिंत दिसावी म्हणून तो जवळजवळ सरळ केलात की पंख्याच्या वाऱ्यानेही आडवा होतो. आणि हो, नटांना सांगून ठेवा की भिंतीला टेकायचं नाही. रागाच्या सीनमध्ये भिंतीवर मूठ आपटायची असेल तर ते पहिल्या आठवड्यात कळू दे, रंगीत तालमीत नको.

दार कसं करायचं? आमचं दार आपटलं की अख्खी भिंत हलते.

दाराची चौकट भिंतीपासून वेगळी करा, स्वतःच्या पायावर उभी राहणारी. तिच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी पाय आणि वजन, भिंतीचे फ्लॅट तिच्या शेजारी नुसते उभे, स्क्रू नाही. फट दिसते म्हणाल तर फ्लॅटच्या कडेला अर्ध्या इंचाची कापडी पट्टी सोडा, ती चौकटीवर येते. दार शक्यतो विंगेच्या (रंगमंचाच्या कडेची, प्रेक्षकांना न दिसणारी जागा) बाजूला उघडावं आणि बिजागऱ्या अप-स्टेजच्या, म्हणजे प्रेक्षकांपासून लांबच्या, बाजूला असाव्यात म्हणजे उघडलेलं दारच मागचं बरंचसं झाकतं. तरीही दाराच्या पाठीमागे एक गडद फ्लॅट किंवा काळं कापड लावा, नाहीतर दार उघडलं की मागे पाणी पीत उभा असलेला पुढच्या प्रवेशातला हवालदार दिसतो.

आणि मोकळी चौकट, म्हणजे दारच नाही, हाही पर्याय आहे. बदलत्या सेटमध्ये मला तो जास्त आवडतो. तीच चौकट आडवी केली की खिडकी.

लेव्हल किती उंच? किती मजबूत?

४ × ४ फुटांचे तुकडे करा, ८ × ४ चा एकच मोठा केलात तर तो चौघांशिवाय हलत नाही आणि हॉलच्या दारातून वळवतानाच जीव जातो. वर १८ मिमी प्लाय, खाली फ्रेम, आणि मध्ये दर दोन फुटांवर आडवा दांडा. एका लेव्हलवर आठ जण नाचणार असतील तर दांडे आणखी जवळ घ्या आणि अनुभवी सुताराला दाखवल्याशिवाय कोणालाही वर चढवू नका. दोन तुकडे जोडायला १० मिमीचा बोल्ट, वॉशर आणि पंखाचा नट, पाना शोधत बसावं लागत नाही.

उंची पायरीच्या हिशोबात ठरवा. पायरी ६ ते ८ इंच चढाची आणि निदान १० इंच रुंद, त्यामुळे लेव्हल ८, १६, २४ अशी घेतली की पायऱ्या सारख्या येतात. एकच पायरी वेगळ्या उंचीची झाली की तिथेच नट अडखळणार, कारण पाय आधीच्या पायरीची सवय धरतो. १८ इंचांच्या वर गेलात की पायांना आपसात तिरक्या पट्ट्या मारा. नाहीतर लेव्हल वजनाने खचत नाही, बाजूला झुलून मोडते. वर जुनं कार्पेट चिकटवा. या एका गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडतो, कारण पोकळ लेव्हलवर चपला घालून चाललं की ढब ढब आवाजात संवाद बुडतात. मागच्या कडेला पांढरी टेप लावा, ती प्रेक्षकांना सहसा दिसत नाही पण मागे सरकताना नटाने जरा मान वळवली की त्याला दिसते.

चाकं कुठली घ्यायची?

३ ते ४ इंच व्यासाची, रबरी किंवा पॉलियुरेथेनची. छोटी प्लॅस्टिकची चाकं फळ्यांच्या फटीत, वायरवर, अगदी टेपच्या कडेवरसुद्धा अडतात, आणि खडखडाट वेगळाच. फक्त पुढे-मागे जाणाऱ्या तुकड्याला सरळ चाकं लावा, चारही फिरती लावलीत तर दिशा बदलताना तुकडा आधी बाजूला एक झटका घेतो आणि नेमका खुणेवरून सरकतो.

ब्रेकवाल्या चाकांवर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका. चाक थांबतं पण वरचा सांधा हलत राहतो, नट चढला की डुगडुगतं. ज्यावर माणूस चढणार त्याला लाकडी पाचर किंवा खाली दाबून बसणारे पाय हवेत, म्हणजे वजन चाकांवरून उतरून जमिनीवर येतं.

प्लॅन आणि मॉडेल करायलाच हवं का? वेळ नाहीये.

प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा मापाचा नकाशा, हवाच, मॉडेल जमलं तर. १:२५ किंवा अर्धा इंच म्हणजे एक फूट, यातलं काहीही घ्या पण मग शेवटपर्यंत तेच. प्रत्येक प्रवेशाचा प्लॅन वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर काढा आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा, कुठला तुकडा कुठून कुठे जातो आणि कुठे दोघांचे रस्ते कापले जातात ते लगेच दिसतं. विंगेत न वापरलेले तुकडे उभे करायची जागाही प्लॅनवर काढा!! हे कोणीच करत नाही. मग प्रयोगाला पोचल्यावर कळतं की विंग पाच फुटांची आहे, तिथे लाइटचा स्टँड आहे आणि आपला सहा फुटांचा पलंग तिथे मावत नाही.

सोबत दृष्टिरेषा, म्हणजे कुठल्या खुर्चीवरून काय दिसतं ते. पहिल्या रांगेतल्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर प्रत्यक्ष बसून बघा, जाता येत नसेल तर प्लॅनवर तिथून पट्टीने रेघा मारा. बाजूच्या भिंती सरळ उभ्या न ठेवता मागे जाताना किंचित आत वळवल्या की त्या टोकाच्या माणसालाही सगळं दिसतं. बाल्कनी असेल तर शेवटच्या रांगेतूनही बघा, तिथून जमीनच जास्त दिसते, त्यामुळे जमिनीचा रंग हाही सेटचाच भाग.

सेट शेवटच्या आठवड्यात मिळणार, तोपर्यंत तालीम कशी करू?

तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर पूर्ण मापात टेप लावा, प्रत्येक प्रवेशाला वेगळा रंग. खोकी मात्र पहिल्या दिवसापासून हवीत, निदान त्याच उंचीचे पुठ्ठ्याचे डबे तरी (बसायचं नाही हे सांगून). आणि हालचाली बसवायला सुरुवात करण्याआधी प्लॅन पक्का व्हायला हवा. दिग्दर्शकाने हालचाली एका दाराच्या हिशोबाने बसवल्या आणि दार नंतर चार फूट सरकलं तर भोगावं नटांना लागतं.

प्रवेश बदलताना ब्लॅकआऊट घ्यावा का?

शक्यतो नको. दहा-पंधरा सेकंदांचा अंधार चालतो, त्यापुढे प्रेक्षक मोबाईल काढतो आणि त्याला परत आणायला पुढच्या प्रवेशातली दोन मिनिटं जातात. त्यापेक्षा मंद निळा प्रकाश, खाली संगीत, आणि नटांनीच पात्रात राहून तुकडे हलवायचे. हवालदार स्वतः टेबल ओढत आणतो आणि त्यावर टोपी आपटतो, झाली चौकी. बदल लपवता येत नसेल तर तो बघण्यासारखा करा. १७ व्या शतकात व्हेनिसला तोरेल्ली या इटालियन रंगमंच-डिझायनरने रंगमंचाखाली गाडे आणि दोर बसवून बाजूच्या सगळ्या रंगवलेल्या विंगा एका दमात बदलायची सोय केली होती आणि तो बदल प्रेक्षकांसमोर, उघड्या पडद्याने व्हायचा, लोक तो बघायलाही यायचे.

बदलाचाही कागद करा. कोण, काय, कुठून, कुठे, कशानंतर. साधा नमुना: 'सुटकेसवाली मैत्रीण: शेवटच्या वाक्यानंतर डावीकडचं खोकं उभं करते, चादर ओढून घेते, उजव्या विंगेत जाते.' रिकाम्या हाताने कोणी आत किंवा बाहेर जायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी फेऱ्या जवळजवळ निम्म्यावर येतात. डावं-उजवं नटाच्या बाजूने, प्रेक्षकांच्या नाही, आणि हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मोठ्याने ठरवून टाका. जमिनीवरच्या खुणा प्रत्येक तुकड्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांच्याच, चारही कोपऱ्यांच्या केल्या तर जमीन टेपने भरून जाते. अंधारात लागणाऱ्या खुणांना चमकणारी टेप लावा, पण तिला आधी प्रकाश मिळालेला असावा लागतो, तुकड्याखाली झाकून ठेवलेली टेप अंधारात चमकत नाही.

आणि बदलाची तालीम वेगळी घ्या, संवाद न म्हणता, हातात स्टॉपवॉच घेऊन, आधी उजेडात मग अंधारात.

रंग कुठला?

मॅट, चकाकणारा ऑइलपेंट नको. शुद्ध पांढरा तर नकोच, लाइट पडला की भिंत झगझगते आणि पुढचा चेहरा काळा दिसतो, थोडा पिवळा-तपकिरी मिसळून मळका करा. एकसारखा सपाट रंगही दुरून पुठ्ठ्यासारखा वाटतो, म्हणून मूळ रंगावर त्याचीच एक फिकट आणि एक गडद छटा ब्रश झटकून शिंपडा, किंवा जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढा. जवळून घाण दिसतं, दहाव्या रांगेतून भिंत दिसते, त्यामुळे सारखं मागे जाऊन बघत राहा.

प्रकाशयोजना करणाऱ्याला रंगाचे नमुने आधी दाखवा, लाल भिंतीवर निळा किंवा हिरवा लाइट टाकला की ती काळपट दिसते. बदलत्या सेटला हे उलट उपयोगाचंही आहे. मधला राखाडी रंग ठेवलात तर तीच भिंत पिवळसर लाइटमध्ये घर आणि निळसर लाइटमध्ये चौकी होते, वेगळं काही रंगवावं लागत नाही.

मागे प्रोजेक्टर लावला तर सेटच नको ना?

सेट नको होत नाही, फक्त लाइटवाल्याचं काम अवघड होतं. चेहऱ्यावर पुरेसा उजेड टाकला की मागचं चित्र फिकं पडतं, चित्र ठळक ठेवलं की चेहरे अंधारात, आणि समोरून प्रोजेक्शन असेल तर ते नटाच्या शर्टावर येतं. एखाद्या प्रवेशापुरता, वरच्या बाजूला, ठीक आहे.

थर्माकोल चालेल का? आगीबिगीचं काय?

थर्माकोल आणि फोम गरम लाइटच्या जवळपास अजिबात नको, पटकन पेटतो, वितळून गळतो आणि धूर विषारी असतो. हॅलोजनचे स्पॉट प्रचंड तापतात, झालर, कापडी फ्लॅट, कागदी कंदील हे त्यांच्यापासून लांब. कापडाला अग्निरोधक द्रावण मारलेलं चांगलं, पण कापड धुतलं की ते जातं, परत मारावं लागतं. बाहेर जायची दारं, आगीचे सिलिंडर आणि लाइटचा बोर्ड यांच्यापुढे सेटचा एकही तुकडा उभा करायचा नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. नाट्यगृहाचे स्वतःचे नियम असतात, जमिनीत स्क्रू मारू देतात का, खरी मेणबत्ती चालते का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

स्पर्धेत सेट लावायला दहा मिनिटंच मिळतात. काय करायचं?

खिळे बंद. सगळं स्क्रू, बोल्ट आणि काढता येणाऱ्या पिनच्या बिजागऱ्यांवर करा, पिन उपसली की दोन फ्लॅट सुटे, घातली की जोडलेले. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर मोठा नंबर आणि वर बाण, आणि जो तुकडा पहिल्यांदा रंगमंचावर लागतो तो गाडीत सगळ्यात शेवटी भरा. कोणाकडे कुठला तुकडा हे नावानिशी ठरलेलं असू दे, 'सगळे मिळून लावू' म्हटलं की सहा जण एकच फ्लॅट धरून उभे असतात आणि टेकू गाडीतच राहतो. एक जण फक्त खुणा आणि टेप बघेल, त्याने दुसरं काही उचलायचं नाही.

शेवटच्या आठवड्यात दिग्दर्शकाला नवीन खिडकी हवीय.

चौकट आडवी करा म्हणावं. (नाही पटलं तर कुठल्या बदलात, कोण आणि किती सेकंदांत ती खिडकी आणणार ते त्यालाच बदलाच्या कागदावर लिहायला द्या. बऱ्याचदा मागणी तिथेच मागे घेतली जाते.)

प्रयोग झाल्यावर हे सगळं ठेवायचं कुठे?

फ्लॅट उभे ठेवा, आडवे एकावर एक रचलेत तर खालचे वाकतात. ओली भिंत असेल तर खाली दोन पट्ट्या आणि भिंतीपासून चार बोटं लांब. कापड फाटलं असेल तर मागून मांजरपाटाचा तुकडा फेव्हिकॉलने चिकटवून ठेवा, पुढच्या वर्षीची मुलं वरून रंगवतील. मापं सगळीकडे तीच ठेवलीत, ८ × ४, ४ × ४, १२-१८-२४, तर यावर्षीचा फ्लॅट पुढच्या वर्षीच्या लेव्हलला बसतो. स्क्रू आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर माप लिहून, आणि बिजागरीच्या पिना मात्र डब्यात टाकू नका, दोरीने ज्याच्या त्याच्या बिजागरीलाच बांधून ठेवा.